डावीकडची चाकं

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दोन मिनिटं पत्र तसंच टेबलावर ठेवलं असशील, हे मला इथे बसून दिसतंय. सात वर्षांत एक ओळ नाही. मामा गेले तेव्हाही फोनवर दोन वाक्यं बोलून मोकळा झालो. आणि आज काम निघाल्यावर बरी ताई आठवली! बोल, जे काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेतो. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी तुझ्या दुकानातल्या मशीनच्या घरघरीत माझं निम्मं बोलणं वाहून जातं.

तर बातमी अशी, की इथल्या मोठ्या संग्रहालयात माझ्या कामाचं प्रदर्शन भरतंय. तळमजल्यावरची दोन दालनं. एकात माझ्या खुर्च्या आणि स्टुलं. दुसऱ्यात, नीट ऐक, मामांची पाच खेळणी! बदक, घोडा, अस्वल, उंट आणि हत्ती. तू मला पोत्यात भरून दिली होतीस तीच. तीन घरं बदलली, एक लग्न मोडलं, पण ते पोतं मी कुठे विसरलो नाही, एवढं तरी माझ्या नावावर मांड.

माझं 'डुलतं स्टूल' तू पाहिलं असशीलच. बालवाड्यांत असतं, दवाखान्यांत असतं. मूल त्यावर बसून पायाने ढकलत निघालं की स्टूल एका अंगाला झुकतं, सावरतं, परत झुकतं, आणि मूल खिदळतं. त्या स्टुलाने मला नाव दिलं, आणि ते स्टूल मला मामांच्या घोड्याने दिलं. दोरी धरून ओढला की कसा लंगडत यायचा! मामांच्या हातून डावीकडच्या चाकांची भोकं मध्यावर पडली नाहीत, आणि त्या एका चुकीवर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. 'सुंदर चूक' नावाचं माझं एक भाषणच आहे. वर्षाला दहा ठिकाणी तरी देतो. लोक हसून हसून बेजार होतात.

खेळणी आता कायमची संग्रहालयात राहणार. म्हणजे त्यांच्याखालची पाटीही कायमची, आणि सोबत एक पुस्तकही छापतायत. तिथल्या बाई फार काटेकोर आहेत. लाकूड कोणतं, वर्ष कोणतं, सगळं विचारतात. मला त्यातलं काही ठाऊक नाही, म्हणून तुला त्रास. पाटीचा मजकूर मी लिहिलाय, तो खाली देतो. वाच आणि होकार कळव.

'चुकलेली चाकं. एका अल्पशिक्षित कातारी कारागिराने फावल्या वेळात केलेली ओढायची पाच खेळणी. नजर अधू असल्याने डावीकडच्या चाकांची भोकं मध्यावर पडलेली नाहीत, त्यामुळे प्रत्येक खेळणं चालताना लंगडतं. अंगाच्या मानाने चाकं फार मोठी आहेत. हे सुटलेलं प्रमाण आणि चाकांवरचे लाल ठिपके यांतून कारागिराची भाबडी सौंदर्यदृष्टी दिसते.'

कसं वाटलं? मामांचं नाव संग्रहालयात लागतंय, ताई! आई असती तर गल्लीभर सांगत सुटली असती.

तुझा
भिंगरी


१५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र दोन मिनिटं नाही, दोन दिवस टेबलावर होतं. तिसऱ्या दिवशी त्यावर चहाचा कप ठेवला गेला, तेव्हा म्हटलं आता उघडावं. पन्नाशी उलटली तरी भिंगरी अशीच सही करतोस, हे वाचून मात्र बरं वाटलं. तुला हे नाव माझ्या बाबांनीच दिलं होतं. एका जागी दहा मोजेपर्यंत बसायचा नाहीस.

तुझ्या बाईंना सांग. लाकूड सागाचं, पण विकत आणलेलं नाही. बाबा दुसऱ्यांसाठी टेबलांचे पाय आणि जिन्याचे कठडे लेथवर उतरवायचे, त्यातून उरलेले तुकडे ते. चाकं शिसवाची. खेळणी पाच वर्षांत झाली, दर वर्षी एक, बदक सगळ्यात आधीचं आणि हत्ती सगळ्यात शेवटचा. विकायला केलेली नव्हती. घरात खेळायला केली होती.

आता पाटीचं. बाबांची नजर अधू नव्हती. लाकडाला केसाएवढी चीर असली तर ती हात लावायच्या आधी त्यांना दिसायची. ते वाक्य काढ. 'चूक' हा शब्दही काढ. त्याजागी काय घालायचं ते तू बघ, शब्दांचा तोटा तुला कधीच नव्हता.

मी बरी आहे. रुग्णालयाच्या मागच्या रस्त्यावर आमचं बुटांचं दुकान अजून चालू आहे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच फिरलेली, त्यांची मापं घ्यायची आणि तळव्याखाली थर चढवून बूट करून द्यायचे, बाहेरून काही दिसू नये असे. बावीस वर्षं हेच करतेय. हाताखाली दोन पोरी आहेत, दोघी कामाला वाघ आणि बोलायला रेडिओ. मुलगा परगावी नोकरीला आहे. गुडघे कुरकुर करतात. एवढंच.

बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस, याचं मी मनात काही ठेवलेलं नाही. ठेवलं होतं, पण त्यालाही आता जुनाट वास येतो.

चूक हा शब्द काढायला विसरू नकोस.

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

लाकडाची माहिती बाईंना दिली, त्या खूश. नजरेचं वाक्य काढलं. त्याऐवजी 'हात घाईचा असल्याने' असं घातलंय. हे तर खरं ना? मामांना कामाची घाई असायचीच.

पण 'चूक' कशी काढू? रागावू नकोस, तू मुलीच्या मायेने बघतेयस, कलेच्या बाजूने बघत नाहीस. माझ्या तोंडी चूक ही शिवी नाही. माझ्याकडे त्याहून मोठी शाबासकी नाही. शिकलेल्या माणसाला अशी चूक करताच येत नाही! मी स्वतः शंभर वेळा प्रयत्न केलाय. मामांचा हात चुकला आणि त्यातून जे निघालं ते आमच्यासारख्यांना दहा वर्षं शिकून साधत नाही. बदकापासून हत्तीपर्यंत चाकं मोठी मोठी होत जातात, ते बघ. मी पुस्तकात लिहिलंय, की चूक करता करता माणसाचा आत्मविश्वास वाढत गेला. हा परिच्छेद बाईंना इतका आवडला की त्यांनी तो मागच्या पानावर घेतलाय.

आणि खरं सांगू का, 'चूक' हा शब्द माझा नाहीच. तुझाच आहे. आठवतं, पोतं दिलंस तेव्हा तू तुमच्या घराच्या पायरीवर उभी होतीस? मी नऊ वर्षांचा, तू अकराची. म्हणालीस, 'घेऊन जा सगळी, बिघडलेली आहेत. बाबांचं चुकलंय.' मी ते जन्मात विसरलो नाही. भाषणाची सुरुवात मी त्याच वाक्याने करतो. तुझं नाव घेत नाही, 'माझी बहीण म्हणाली' एवढंच.

बारा मार्चला उद्घाटन आहे, त्याच दिवशी संध्याकाळी पाचला माझं भाषण. पास सोबत ठेवलाय. तू येणार नाहीस, मला माहीत आहे, दुकान सोडवत नाही तुला. पण आलीस तर बघशील, मी घोडा खऱ्याखुऱ्या मंचावर चालवून दाखवतो. लोक जागेवरून उठून बघतात.

पुस्तक एप्रिलच्या मध्यावर छापायला जाईल. तोवर काही चुकलंमाकलं असेल तर सांग.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरी,

मी आले होते.

तुला कळवलं नाही. वाटलं, भाषण झाल्यावर पुढे येऊन तुला दचकवावं. सकाळच्या गाडीने निघाले, नवे कपडे केले होते. शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी जागा मिळाली. तुझे केस इतके पांढरे झाले असतील असं वाटलं नव्हतं. तू बोलायला लागलास तेव्हा मला अभिमान वाटला, हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुला ते खोटं वाटेल.

तू घोडा ओढलास. लोक हसले. ते मी सोसलं. मग तू दोरी खाली ठेवलीस आणि म्हणालास, 'आता मी चालून दाखवतो.' डावा खांदा पाडलास, डावा हात मांडीवर दाबून धरलास, आणि झुकत झुकत मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलास. पाचशे माणसं हसली. माझ्या शेजारची बाई तर डोळे पुसत होती.

घोड्याला हात नसतात, भिंगरी. तो मांडीवर हात दाबून चालत नाही. तसं चालायचे मी.

मी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. चोपन्न वर्षांची बाई, अंगावर नवे कपडे, आणि आपले पाय लपवत बसलेली. माझ्या बुटाकडे कुणी बघत नव्हतं. बघितलं असतं तरी काही दिसलं नसतं, मी तो बूट फार हुशारीने केलाय. पण मला वाटत होतं की पाचशेच्या पाचशे माणसं खाली वाकून बघतायत. भाषण संपायच्या आधी निघाले. दारातून बाहेर पडताना मी कशी चालतेय याचंच भान होतं. तिसरीत असताना असायचं तसं.

तू शाळेच्या गल्लीत माझ्या मागून तसाच चालायचास. तुझ्यामागे चार पोरं. मी वळून बघितलं की तुम्ही सरळ. तू विसरलायस, हे मला तुझ्या पत्रांवरून कळलं होतं. मीच इतकी वर्षं असे बूट घातले की माझा पाय कुणाला आठवू नये. तेव्हा तुला तरी काय बोलू?

पण बाबांचं सांगते, कारण ती पाटी आता भिंतीवर लागलीय आणि मी ती वाचून आलेय. 'हात घाईचा असल्याने.'

दर वर्षी माझ्या वाढदिवसाच्या आधी बाबा कारखान्याची फरशी झाडून कोरडी करायचे. बादलीत पाणी घ्यायचे. त्यात पाय बुडवून मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावायचे. फरशीवर ओली पावलं उमटायची. मग गुडघे टेकून, ती वाळायच्या आत, डाव्या पावलापासून पुढच्या डाव्या पावलापर्यंत दोरी धरायचे. तेवढाच चाकाचा घेर. म्हणून चाकं मोठी. म्हणून दर वर्षी आणखी मोठी. आत्मविश्वास कुणाचा वाढत नव्हता, मी वाढत होते.

मग मला भिंतीला टेकून उभं करायचे आणि डाव्या टाचेखाली फळीचे पातळ तुकडे सरकवायचे, कंबर सरळ होईपर्यंत. जेवढे तुकडे लागतील त्याच्या निम्म्याने भोक मध्यापासून बाजूला. निम्म्याने का, तर भोक जेवढं सरकवावं त्याच्या दुप्पट चाक खाली-वर होतं. हे ते मला समजावून सांगायचे आणि मी मान डोलवायचे. लाल ठिपके शोभेचे नाहीत. दोन्ही ठिपके जमिनीकडे करायचे, डावा पाय टाकायचा आणि दोरी ओढायची. मग मी झुकले की घोडा झुकायचा. मी सावरले की तोही सावरायचा. अंगणात आम्ही दोघं बरोबर चालायचो. दुसऱ्या कुणी ओढला तर तो नुसता लंगडतो, लोक हसतात.

एवढं बारीक माप आयुष्यात दुसऱ्या कुणी माझं घेतलं नाही. मी रोज लोकांची घेते, पण तसं मलाही जमत नाही.

दुकानात दिवसभर मी गिऱ्हाइकांना सांगते, 'त्यात लाजायचं काय?' आणि माझ्या बुटाचा थर पोरी घरी गेल्यावर एकटी चढवते. त्या दोघींना अजून माहीत नाही.

पाटी काढ.

ताई


२५ मार्च

ताई,

तीन दिवस कागद समोर घेऊन बसलोय. 'माफ कर' लिहितो आणि खोडतो, कारण ते लिहून मलाच बरं वाटायला लागतं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. रखवालदाराकडून दालन उघडून घेतलं आणि सुतळीचं बंडल घेऊन बसलो. पाचही खेळण्यांच्या डाव्या चाकांना सुतळी गुंडाळली, एक फेरा, आणि कापली. पाच तुकडे फरशीवर शेजारी शेजारी मांडले. पाचव्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंतची तू. मी ही खेळणी चाळीस वर्षं बाळगली. त्यांचे शेकडो फोटो काढले, चित्रं काढली, एक्स-रे काढून आतले सांधे पाहिले. चाकाला दोरी कधी लावली नाही. लावायची गरजच वाटली नाही, कारण ते चुकलेलं आहे हे मला आधीच माहीत होतं.

मग भोकं मोजली. पाच खेळणी, दहा चाकं, आणि एकाच खेळण्याच्या दोन चाकांत सुईच्या टोकाएवढाही फरक नाही. घाईच्या हाताने असं होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवतोय.

आता जे लिहितोय ते लिहायची फार लाज वाटते. तू म्हणतेस की मी विसरलो. डोक्याने विसरलो असेन. ती चाल मी घोड्यावरून बसवली नव्हती. पहिल्या भाषणाच्या वेळी मंचावर सहज खांदा पाडला आणि पुढचं सगळं आपोआप आलं, हातसुद्धा. मला वाटलं, काय उपजत कला आहे माझ्यात! ती शाळेच्या गल्लीत शिकलेली होती. माझ्या अंगात ती इतकी वर्षं नीट ठेवलेली होती, आणि लोक हसले की मला तेव्हासारखंच वाटायचं. चार पोरांचा पुढारी असल्यासारखं. मामांच्या घरी मी दर रविवारी जेवायचो. ते मला कडेवर घेऊन लेथ दाखवायचे. त्यांनी मला मागून चालताना पाहिलं असेल का? हे मी तुला विचारू नये, पण मला दुसरं काही सुचत नाही.

मी ठरवलंय. प्रदर्शन बंद करायचं. पुस्तक थांबवायचं, भाषण पुन्हा द्यायचं नाही, आणि खेळणी परत पोत्यात भरून स्वतः तुझ्या दारात आणून ठेवायची. बाई खवळतील, खवळू देत.

एकच विचारतो. स्वतःला वाचवायला विचारत नाहीये, माझी शिक्षा याने कमी होणार नाही. पण पायरीवरचं ते वाक्य मला अगदी स्पष्ट आठवतं. तुला सगळं माहीत होतं. पावलं तुझी, माप तुझं. मग तू मला 'बाबांचं चुकलंय' असं का सांगितलंस?

भिंगरी


३१ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. नको तर नको देऊस. पाटी उतरवली आहे, भिंतीवर चार स्क्रूची भोकं दिसतायत. बाई विचारतायत की तिथे काय लावायचं. मी सांगितलं, थांबा.

भिंगरी


५ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझा प्रश्न वाचून मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि आठवडाभर त्या ड्रॉवरमधून कात्रीसुद्धा काढली नाही. तुला झोडपताना मला फार जोर आला होता. त्या जोरात मी पायरीचं वाक्य गाळून पुढे गेले, आणि तू ते नेमकं हेरलंस. आता सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मुलालाही नाही.

मी नऊ वर्षांची होते. हत्ती नवा कोरा, पॉलिशचा वास अजून येत होता. वर्गातल्या तिघी मुली पहिल्यांदाच घरी आल्या होत्या, मी आठ दिवस त्यांच्या मागे लागले होते. त्यातल्या एकीने दोरी ओढली. हत्ती लंगडला. ती थांबली, हत्तीकडे बघितलं आणि मग माझ्या पायाकडे बघायला लागली. मी घाईघाईने म्हटलं, 'आमच्या बाबांना नीट भोकच पाडता येत नाही.' त्या हसल्या. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने.

आत लेथ चालू होता. तो थांबला. बाबा दारात आले, हातांवरचा भुसा झटकला आणि त्या मुलींना म्हणाले, 'हो बुवा, चुकलं माझं. वय झालं आता.' मुली आणखी हसल्या. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, मला अवघड होऊ नये म्हणून. आत गेले आणि लेथ परत चालू झाला.

तू विचारलंस, त्यांनी तुला मागून चालताना पाहिलं असेल का. पाहिलं होतं. एकदा मला म्हणाले, 'तो लहान आहे, त्याला कळत नाही.' तुझ्यासाठी त्यांच्याकडे हे उत्तर होतं. माझ्यासाठी काय होतं, ते मला कधी कळलं नाही. मला कळत होतं.

पुढच्या वाढदिवसाला बादली निघाली नाही. फरशी झाडली गेली नाही. मी वाट बघत होते आणि विचारायची हिंमत नव्हती. वाढदिवसाला त्यांनी गेंडा दिला. हो, सहावं खेळणं आहे, तुला ते मी कधी दाखवलं नाही. त्यांच्या हातचं सगळ्यांत देखणं काम. कातडीची एकेक घडी कोरलेली, शिंग आरशासारखं घासलेलं. चाकं लहान, बेतशीर, तुला आवडतील अशी. भोकं बरोबर मध्यावर. मी दोरी ओढली आणि तो सरळ चालत आला, अजिबात न झुकता. मी मात्र शेजारी झुकत होते. बाबा बघत होते. म्हणाले, 'आता बरोबर आहे ना?' मी म्हटलं, 'हो.'

तो मी पुन्हा ओढला नाही. त्यांनीही पुन्हा खेळणं केलं नाही. पुढच्या वर्षी सगळी लंगडी खेळणी मी पोत्यात भरली आणि तुला दिली, घरातून गेली की माझं बोलणंही जाईल म्हणून. तुलाच का, तर तू ती मोडशील असं वाटलं होतं. बाबांनी पोत्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते ऐंशीच्या जवळ जाईपर्यंत जगले, भिंगरी. मला एवढी वर्षं होती. रोज त्यांच्या ताटात वाढत होते, आणि रोज वाटायचं, आज बोलू. एक वाक्य होतं, 'बाबा, तुमचं चुकलं नव्हतं.' तेवढं माझ्याने झालं नाही.

तू ते वाक्य पाचशे माणसांपुढे म्हटलंस, मी तिघींपुढे. पण मी म्हटलं तेव्हा ते ऐकत होते. म्हणून तुझ्यावर रागवायला मला तेवढा जोर आला होता.

प्रदर्शन बंद करू नकोस. बंद केलंस म्हणजे तू लपलास, आणि आपल्या घरात लपणारी मी एकटी पुरे आहे. भाषण दे, पण मंचावर चालू नकोस. तुझी स्टुलंही राहू देत. मुलं हसतात ती स्टुलाला हसतात, त्यांना कुणाचा पाय माहीत नाही. तुला माफ केलं का, ते मला सांगता येत नाही. माझं स्वतःचंच अजून ठरलेलं नाही.

काल दुकानात पोरींसमोर बूट काढला आणि अनवाणी काउंटरपासून दारापर्यंत चालून दाखवलं. धाकटी रडायला लागली, तिचा मला राग आला. थोरली खाली वाकून टाचेखालची जागा बोटांनी मोजत म्हणाली, 'बाई, तुमचा थर अर्धं बोट कमी पडतोय, म्हणून गुडघे दुखतात.' बावीस वर्षं स्वतःचं माप मी स्वतःच घेत होते, चुकीचं.

गेंडा या पत्रासोबत वेगळ्या पेटीतून पाठवतेय. त्याला त्या पाचांच्या रांगेतच ठेव, हत्तीच्या पुढे. चूक दाखवायचीच असेल तर ही दाखव. बाबांच्या हातून दुसरी झाली नाही, आणि हीसुद्धा त्यांची नाही.

पाटीचा मजकूर मी लिहिलाय. यातला शब्दही बदलू नकोस, बाईंना सांग.

'ही खेळणी एका कातारी बापाने आपल्या मुलीच्या चालीच्या मापाने केली. तिचा डावा पाय आखूड आहे. पहिली पाच तिच्याबरोबर झुकत चालतात. सहावं सरळ चालतं, कारण तिला लाज वाटली होती.'

कुणी विचारलं, ती मुलगी कोण, तर माझ्या दुकानाचा पत्ता दे.

ताई